श्वासाचे ऋण



२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता. आदल्या रात्री पंतप्रधानांनी एकवीस दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली होती आणि नववर्षाचा सूर्य उगवला तो निर्मनुष्य रस्त्यांवर. नंदुरबारच्या गल्ल्यांत गुढ्या उभ्या राहिल्या खऱ्या. पण कडुलिंबाचा डहाळा आणण्यासाठी घराबाहेर पडावे की नाही, हा प्रश्न त्या सकाळी घरोघरी पडला होता. वर्षप्रतिपदेला स्वयंसेवक एकत्र येतात आणि आद्य सरसंघचालक प्रणाम करतात. त्या वर्षी मैदाने ओस होती. प्रणाम झाला तो घराच्या दिवाणखान्यात, गच्चीवर किंवा अंगणात, दोघा-चौघांच्या उपस्थितीत.

ज्यांना प्रणाम करायचा होता, त्या डॉ. केशव बळीराम हेडगेवारांचा जन्म १ एप्रिल १८८९चा. तो दिवसही गुढीपाडव्याचाच होता. त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा आघात एका महामारीनेच केला होता, ही गोष्ट त्या दिवशी किती घरांत आठवली गेली असेल? १९०२ साली नागपुरात प्लेगने थैमान घातले होते. वडील बळीरामपंत वेदविद्येचे उपासक. प्लेगने दगावलेल्यांच्या घरी जायला माणसे धजावत नसताना ते अंत्यसंस्कारांसाठी जात राहिले. अखेर त्या रोगाने त्यांना गाठले, आणि रेवतीबाईंनाही. पती-पत्नी दोघेही एकाच दिवशी गेले. केशव तेव्हा तेरा वर्षांच्या आतबाहेरचा होता. पुढे ज्या मुलाने लाखो घरांना एका कुटुंबाची भावना दिली, त्याचे स्वतःचे घर एका दिवसात पोरके झाले होते.

आजच्या विषयाचा प्रारंभ या घटनेपासून करायचा, याला कारण आहे. महामारी येते आणि जाते. तिची आकडेवारी ग्रंथांत राहते. पण तिने माणसांना काय शिकविले, हे मात्र त्या माणसांच्या पुढील जगण्यावरूनच कळते. कोरोनाच्या त्या दोन वर्षांनी जे धडे दिले ते वहीत उतरले की आचरणात, हा प्रश्न आहे. त्याचा विचार करायला नंदुरबारइतकी योग्य भूमी दुसरी नाही.

दूरचा जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्यापलीकडे नर्मदा, मधून वाहणारी तापी. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यांतील दहापैकी सुमारे सात जण भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा जनजातींचे. हुतात्मा शिरीषकुमार आणि त्याच्या बालसाथीदारांनी ९ सप्टेंबर १९४२ रोजी जिथे प्राण दिले, ते हे नंदुरबार. राज्याच्या मानव विकास निर्देशांकाच्या यादीत मात्र हा जिल्हा तळाशी राहिला. कुपोषणाच्या बातम्यांत मोलगी आणि धडगाव ही नावे उर्वरित महाराष्ट्राला परिचित झाली, तीही वर्षातून एकदा, पावसाळ्यात.

अशा जिल्ह्यात महामारी शिरली तर काय होईल, या विचाराने २०२०च्या वसंतात अनेकांची झोप उडाली होती. डोंगरातील पाड्यांवर रस्ता नाही. आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून चार माणसांनी खांद्यावरून उतरवायचे, ही अनेक ठिकाणची रीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नंदुरबारला सुरू झाले ते महामारीच्याच वर्षी, २०२० मध्ये. त्यात होळीच्या निमित्ताने माणूस कुठेही असला तरी सातपुड्यात परततो. त्या वर्षीची होळी ९ मार्चला होती. काठीच्या राजवाडी होळीच्या ज्वाळा विझून दोन आठवडे होतात न होतात तोच देश थांबला. गुजरातेत मजुरीला गेलेली उरलेली कुटुंबे मग मिळेल त्या वाटेने परतू लागली. सुरत-नागपूर महामार्गावरचे सीमेवरील नवापूर त्या काळात पायी चालणाऱ्यांचे नाके झाले.

या चालणाऱ्यांकडे बघण्याच्या दोन दृष्टी तेव्हा दिसल्या. एक दृष्टी म्हणत होती, ‘हे रोग घेऊन येत आहेत.’ दुसरी म्हणत होती, ‘हे उपाशी आहेत.’ एकाच घरात, कधी एकाच माणसाच्या मनात या दोन्ही दृष्टी नांदत होत्या. शिधा बांधणारे हात आणि दाराची कडी लावणारे हात वेगळे नव्हते. भय आणि करुणा यांचे हे द्वंद्व ज्याने स्वतःत पाहिले, त्याला महामारीचा पहिला धडा मिळाला. चांगुलपणा हा आयता स्वभाव नसतो. तो दररोज करावा लागणारा निर्णय असतो. २६ एप्रिल २०२० रोजी सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी दूरस्थ माध्यमातून जो बौद्धिक वर्ग घेतला, त्यातही हाच आग्रह होता. सेवा करताना भेद नको, आणि काही जणांच्या चुकीसाठी संपूर्ण समुदायाला दोषी धरणे नको. संकटाच्या काळात हे ऐकणे सोपे नव्हते. म्हणूनच ते सांगणे आवश्यक होते.

ओसरत्या पाण्यात बांधलेला बांध

नंदुरबारने देशाला जो धडा दिला, तो प्राणवायूचा. निरोगी माणूस विश्रांतीत असताना मिनिटाला सात-आठ लिटर हवा आत घेतो आणि तिचा हिशेब कधी ठेवत नाही. हवेत प्राणवायू असतो साधारण २१ टक्के. त्यावर फुप्फुसे सुखाने चालतात. न्यूमोनियाने फुप्फुसे भरली की हे प्रमाण अपुरे पडते आणि रुग्णाला मुखवट्यातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर प्राणवायू द्यावा लागतो. सात हजार लिटरचा मोठा सिलिंडर अशा एका रुग्णाला बारा तासही पुरत नाही. चाळीस रुग्ण असतील तर दिवसाला शंभराच्या आसपास सिलिंडर लागतात. आणि ते भरून आणणारी गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून यायची असेल तर रुग्णालयाचा जीव त्या गाडीच्या चाकांवर टांगलेला असतो.

महामारीपूर्वी नंदुरबार जिल्ह्यात द्रवरूप प्राणवायूचा एकही प्रकल्प नव्हता. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकीय पदवीधर. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यात दिवसाला सुमारे १९० रुग्ण आढळत असताना त्यांनी जिल्हा रुग्णालयात पहिला प्रकल्प उभा केला. खर्च सुमारे ८५ लाख रुपये, क्षमता मिनिटाला ६०० लिटर. या यंत्राचे तत्त्व साधे आहे. हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या थरातून नेली की नायट्रोजन त्याला चिकटून राहतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो आणि तोच थर पुन्हा कामाला सज्ज होतो. म्हणजे कच्चा माल फुकटचा, तोही अंगणातला. हवी ती वीज, देखभाल आणि मुख्य म्हणजे दूरदृष्टी.

त्यानंतर घडले ते अधिक महत्त्वाचे. हिवाळ्यात रुग्ण घटले. देशभर एक सुटकेचा निःश्वास टाकला गेला. लग्नाच्या तारखा ठरल्या, काळजी केंद्रांच्या खाटा घड्या घालून ठेवल्या गेल्या. नंदुरबारमध्ये मात्र त्याच निवांत महिन्यांत आणखी प्रकल्पांची जुळवाजुळव चालू राहिली. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निवारणाचा निधी, उद्योगांचा सामाजिक निधी असे जिथून मिळेल तिथून पैसे उभे केले गेले. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आदळली तेव्हा जिल्ह्यातील रोजची रुग्णसंख्या १,२००च्या घरात गेली. राज्यात १८ एप्रिल रोजी एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. महानगरांतील मोठमोठी रुग्णालये प्राणवायूसाठी समाजमाध्यमांतून याचना करीत होती. तेव्हा या ‘मागास’ जिल्ह्याजवळ स्वतःचा प्राणवायू तयार करण्याची व्यवस्था होती. प्रत्येक रुग्णाला खरोखर किती प्राणवायू हवा, हे ठरावीक वेळाने तपासण्यासाठी स्वतंत्र परिचारिका नेमल्या गेल्या. जेवायला उठलेल्या रुग्णाच्या उशाशी वाया जाणारा प्राणवायू त्यांनी वाचविला. शाळा आणि सभागृहे रुग्णसेवेसाठी सज्ज झाली, रेल्वेचे विलगीकरणाचे डबे नंदुरबारच्या स्थानकावर येऊन उभे राहिले.

याचा अर्थ नंदुरबारला दुःख शिवले नाही, असा नव्हे. त्या चैत्रात येथील स्मशानेही धगधगत होती. अनेक घरांतील कर्ती माणसे गेली, औषधांसाठी रात्री-बेरात्री धावाधाव झाली. पण श्वास मागणाऱ्याला श्वास देता यावा एवढी तजवीज या जिल्ह्याने केली होती आणि ती करणाऱ्याने केली होती, ती लाट ओसरलेली असताना.

हा धडा केवळ प्रशासनाचा नाही. तो प्रत्येक संसाराचा आहे. पाऊस सुरू झाल्यावर छप्पर शाकारता येत नाही, हे आजी-आजोबा सांगत होतेच. २०२१च्या एप्रिलमध्ये कित्येक सुशिक्षित घरांत असे दिसले की, कर्ता पुरुष अतिदक्षता विभागात आणि पत्नीला बँकेचे खाते कोणत्या शाखेत आहे हे ठाऊक नाही. विम्याचा हप्ता राहून गेलेला, वारसनोंद केलेली नाही, घराची कागदपत्रे कोणत्या कपाटात याचा पत्ता नाही. मृत्यूविषयी बोलणे अशुभ मानून जे टाळले गेले, त्याचा भार शोकाकुल स्त्रीच्या डोक्यावर पडला. आपत्काळाची तरतूद म्हणजे अविश्वास नव्हे. ते मागे राहणाऱ्यांवरचे प्रेम असते. संकट ओसरल्याचा काळ हा विसरण्याचा नसून तयारीचा असतो. घरोघरच्या कुटुंबप्रबोधनात हा विषय भजन-भोजनाइतकाच आवश्यक आहे.

देणारा कोण, घेणारा कोण?

येथे थोडे थांबून आणखी एक गोष्ट पाहावी लागते. डॉ. भारूड हे साक्री तालुक्यातील सामोडे गावचे, भिल्ल समाजातील. जन्मापूर्वीच वडील गेले. उसाच्या पाचटाच्या झोपडीत बालपण गेले. आई मोहाची दारू विकून घर चालवीत असे. दारू पिण्यास येणाऱ्यांनी खाऊसाठी हातावर ठेवलेल्या पैशांतून या मुलाने पुस्तके घेतली. नवोदय विद्यालय, मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१३ साली भारतीय प्रशासकीय सेवा असा हा प्रवास त्यांनी स्वतः ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात सांगितला आहे.

शहरी मध्यमवर्ग वनवासी क्षेत्रात जातो तो ‘देण्यासाठी’. कपडे द्यावेत, धान्य द्यावे, वसतिगृहाला देणगी द्यावी. हे सारे उत्तम आहे आणि ते झालेच पाहिजे. १९५२ साली बाळासाहेब देशपांडे यांनी जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचे बीज रोवले तेव्हापासून सहस्रावधी कार्यकर्त्यांनी यासाठी आयुष्ये वेचली. तथापि देण्याच्या ओघात एक सूक्ष्म अहंकार नकळत शिरतो. आपण वर आणि ते खाली, आपण समर्थ आणि ते दुबळे, असे चित्र मनात घट्ट बसते. २०२१च्या एप्रिलने हे चित्र उलटे केले. नंदुरबारमधील कितीतरी व्यापारी, प्राध्यापक आणि अधिकारी त्या दिवसांत श्वास घेत होते, तो मोहाची दारू विकणाऱ्या एका विधवा मातेच्या मुलाने केलेल्या तरतुदीमुळे. त्या माउलीने मुलाला शिकविण्याचा हट्ट सोडला असता, तर? ऋण कुणाचे कुणावर असते, हे हिशेबाच्या वहीत सापडत नाही. समरसता म्हणजे उपकार नव्हे, परस्परावलंबनाची प्रामाणिक जाणीव होय. मुखवट्यातून येणारा प्राणवायू जात विचारीत नव्हता, आणि तो घेणाराही त्या क्षणी ती सांगत नव्हता. दुखणे सरल्यावर ती पुन्हा आठवली असेल, तर त्या दुखण्यातून शरीर उठले, मन मात्र उठले नाही.

पाड्यांवरील जीवनानेही शहराला पुष्कळ शिकविले. सातपुड्यातील वस्ती विखुरलेली. प्रत्येकाचे घर त्याच्या शेतात. शहराला जे अंतर शिकवावे लागले, ते तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. आणि घरे दूर असली तरी मने दूर नाहीत. एकाचे शेत निंदायचे वा घर शाकारायचे असेल तर सगळ्यांनी येऊन हातभार लावायचा, या ‘लाह’ परंपरेत मजुरी नसते, उपकार नसतात. फक्त आपली पाळी असते. आज त्याच्याकडे, उद्या माझ्याकडे. भिंतीला भिंत लागलेल्या सदनिकांत राहणाऱ्यांना मात्र शेजारी आजारी असल्याचे रुग्णवाहिकेच्या आवाजावरून कळले.

नर्मदेच्या पात्रात

अक्राणी-अक्कलकुव्याच्या उत्तर टोकाला सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेले पाडे आहेत. तिथे जायला होडी हेच वाहन. चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वासावे यांचे नाव २०२० साली देशभर पोहोचले, त्याची हकिकत मोठी साधी आहे. अलीगाट आणि दादर येथील माता एरवी मुलांना घेऊन होडीने अंगणवाडीत यायच्या. रोगाच्या भयाने त्यांनी येणे थांबविले. तेव्हा रेलूताईंनी एका कोळ्याकडून लहान होडी मागून घेतली आणि एप्रिलपासून स्वतःच वल्हवत त्या तिकडे जाऊ लागल्या. १८ किलोमीटरचे अंतर. सोबत पोषण आहार आणि वजनाचा काटा. पंचवीस बालके आणि सात गर्भवती स्त्रिया, एवढ्यांसाठी. संध्याकाळी परतताना हात भरून यायचे. स्वतःची दोन लहान मुले घरी वाट पाहत असायची.

त्यांना असा आदेश कुणी दिला नव्हता. ‘माता आल्या नाहीत’ अशी नोंद करून घरी बसल्या असत्या, तर नियमाने त्यांना कुणी बोल लावला नसता. टाळेबंदीच्या काळात ‘वरून सूचना नाहीत’ हे वाक्य कितीदा ऐकू आले! सूचनेची वाट न पाहता ज्याला आपले काम दिसते, तो खरा कार्यकर्ता. ज्यांनी शाखेत शिस्तीचे धडे घेतले त्यांनी हेही जाणले पाहिजे की, आज्ञापालन ही शिस्तीची पहिली पायरी आहे. आज्ञेवाचून कर्तव्य ओळखणे ही शेवटची. आणि ‘एवढ्या थोड्यांसाठी एवढा खटाटोप?’ असा हिशेब ज्याच्या मनात येतो, त्याने त्या पंचविसांपैकी एखाद्या बाळाच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा. पुढे लसीकरणाच्या वेळी याच पात्रातून होडीच्या रुग्णवाहिका लस घेऊन पाड्यांवर गेल्या. एका स्त्रीच्या वल्ह्याने जी वाट आधी दाखविली, तीच वाट विज्ञानानेही धरली.

भयाचा संसर्ग

विषाणूपेक्षा वेगाने पसरते ते भय. नवापूरला हे कुणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील ‘बर्ड फ्लू’चा पहिला उद्रेक येथेच नोंदला गेला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. भारतात तेव्हा एकाही माणसाला त्याची लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण नवापूर हे नाव उच्चारताच लोक दोन पावले मागे सरत. कुक्कुटपालन करणारी कुटुंबे कर्जात बुडाली. पुढे ती हिमतीने उभी राहिली. २०२०च्या प्रारंभी कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो अशी निराधार आवई उठली आणि भाव मातीमोल झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, पहिल्या उद्रेकानंतर बरोबर पंधरा वर्षांनी, नवापुरात ‘बर्ड फ्लू’ पुन्हा उद्भवला आणि भरलेल्या शेड पुन्हा रिकाम्या झाल्या. एकाच गावाने एकाच वर्षात दोन साथींचा मार सोसला.

अफवेला सुशिक्षित-अशिक्षित असा भेद नसतो. डोंगरातील काही पाड्यांवर लस देणारे पथक दिसताच माणसे रानात निघून जात. शहरात याची थट्टा झाली. पण त्याच शहरात भ्रमणध्वनीवर आलेला प्रत्येक नुस्खा पुढे धाडला जात होता. पाड्यावरच्या माणसाची शंका निदान प्रामाणिक होती. परका माणूस, परकी भाषा, हातात सुई. तो घाबरला तर नवल काय? शिक्षक, आशा कार्यकर्त्या, पोलीस पाटील अशा ओळखीच्या माणसांनी भिल्ली-पावरीत समजावल्यावर त्याने बाही वर केली. विश्वास हा जाहिरातीने निर्माण होत नाही. तो वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने निर्माण होतो. ज्या गावात कार्यकर्ता महामारीपूर्वीही जात होता, तिथे महामारीत त्याचे ऐकले गेले. आणि विज्ञाननिष्ठा व श्रद्धा यांत विरोध नाही, हेही या काळाने दाखविले. पुण्यातील सिरम संस्थेने तयार केलेली लस असो की पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या सहभागाने सिद्ध झालेली स्वदेशी लस असो, ती टोचून घेणारा हात संध्याकाळी देवापुढे जोडलाही जात होता.

राहिलेले निरोप

महामारीची सर्वांत खोल जखम कोणती? ती मृत्यूची नव्हे, तर राहिलेल्या निरोपाची आहे. हिंदू कुटुंबात मृत्यू हा एकट्याचा नसतो. खांदा देणारे चार, पाणी देणारे, तेराव्याला येणारे. शोक वाटून घेण्याची ही केवढी विचारपूर्वक रचलेली व्यवस्था! त्या दोन वर्षांत ती मोडली. मुलाला पित्याचे मुख दिसले नाही, लेकीला माहेरी जाता आले नाही. संरक्षक पोशाखातील अनोळखी माणसांनी अग्नी दिला. त्यांत अनेक ठिकाणी स्वयंसेवक होते, पालिकेचे सफाई कामगार होते, रुग्णवाहिकेचे चालक होते. त्यांची नावे कुणी विचारली नाहीत. बळीरामपंत हेडगेवारांचा वारसा त्या अनाम हातांनी चालविला.

महामारी समाजाच्या स्मरणातून फार लवकर पुसली जाते. १९१८च्या इन्फ्लूएन्झाने हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील एकमेव दशक, ज्यात देशाची लोकसंख्या घटली. तरीही त्याच्या कथा किती घरांत सांगितल्या जातात? खानदेशच्या बहिणाबाईंच्या ओव्या सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले, हे थोड्यांना ठाऊक असते. १९०३ साली लोकमान्य टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला, हेही चरित्राच्या पानांतच राहिले. विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे आणि काही अंशी ती दयाही आहे. पण ज्यांना विसरता येणे शक्यच नाही, अशी काही माणसे मागे उरतात. समाजाने विसरणे हा त्यांच्यावर अन्याय ठरतो.

२०२१ साली आई किंवा वडील, आणि काही ठिकाणी दोन्ही गमावलेली मुले गावोगाव आहेत. त्या वर्षी केंद्र शासनाने अशा अनाथ बालकांसाठी योजना जाहीर केली. राज्य शासनाने पाच लाख रुपयांच्या ठेवीची व्यवस्था केली. एकल झालेल्या स्त्रियांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू झाले. शासनाने ठेव ठेवली. ठेवीची पावती मात्र रात्री उशाशी बसून ताप पाहत नाही, पालकसभेला येत नाही, पहिल्या नोकरीचा पेढा खात नाही. तेव्हा जे मूल दहा वर्षांचे होते, ते आता शालान्त परीक्षेच्या वयाचे झाले आहे. २०२१ साली त्याच्या दारात शिधा घेऊन गेलेली माणसे त्यानंतर किती वेळा गेली? सेवाकार्याची छायाचित्रे निघाली, अहवाल छापले गेले, सत्कार झाले. ते सारे योग्यच. पण त्या मुलाला अहवालातील आकडा व्हायचे नव्हते; त्याला एक काका हवा होता, एक मावशी हवी होती.

१९०२ साली नागपूरच्या त्या पोरक्या घरातील मुलाला कुणी टाकून दिले नाही. आप्तांनी, शिक्षकांनी, ज्येष्ठांनी त्याला सांभाळले, शिकविले, कलकत्त्याला वैद्यकीय शिक्षणासाठी धाडले. त्या अनाम माणसांपैकी कुणालाही ठाऊक नव्हते की, आपण कोण घडवीत आहोत. २०२५च्या विजयादशमीला संघकार्याची शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या शताब्दीच्या पायाशी प्लेगने अनाथ झालेले एक मूल आणि त्याला आधार देणारे काही सामान्य हात आहेत. आज नंदुरबारच्या एखाद्या गल्लीत, शहाद्याच्या एखाद्या वस्तीत, सातपुड्याच्या एखाद्या पाड्यावर तसेच एक मूल दप्तर आवरीत असेल.

कोरोनाने शिकविलेल्या सगळ्या धड्यांचे सार यातच आहे. ज्याचा श्वास त्या वादळात टिकला, त्याच्याजवळ आता जो काळ आहे तो उसना आहे. नंदुरबारच्या रुग्णालयातील ते यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा करते आणि पुढे देते. स्वतःसाठी काही राखून ठेवीत नाही. वाचलेल्या माणसाचे कामही तेवढेच आहे. यंदाच्या गुढीपाडव्याला गुढी उभारल्यावर, घरातील सर्वांनी मिळून आपल्या वस्तीतील अशा एका दाराची कडी वाजवावी. शिध्याची पिशवी नेली नाही तरी चालेल. ‘परीक्षा कशी चालली आहे?’ एवढे विचारले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तरी त्या श्वासाचे ऋण थोडे फिटेल.